क्रूझवर सगळ्या फॅमिलीला एकाच वेळी जेवायला बसवायचं आहे? मग या चुका टाळा

आमच्या नागपुरात समुद्र नाही, जे काय पाणी पाहायचं ते फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला, त्यामुळे जहाजावरच्या जेवणाचं वेगळं काही प्लॅनिंग करावं लागते हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरली. १३ माणसं, पाच केबिन. पासपोर्ट, व्हिसा, विमान, बाबांच्या गोळ्या, मोठ्या आईचा चिवडा, सगळ्याच्या याद्या झाल्या. आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की आईबाबा आणि आम्ही साडेपाचला जेवायचं, भाऊ-वहिनी आणि मोठे बाबा आठला, आणि आतेभाऊ लॉबीत केबिनचं कार्ड उलटंपालटं करत उभा, "माझ्या कार्डावर तर टाइमच नाही लिहिला बे." मोठी आई एकच वाक्य बोलली, "इतक्या दूर येऊन पंगत मोडली नं बाप्पा." त्या वाक्यामुळे मी पुढचे दोन दिवस जे काही शिकली ते इथे लिहून राहिली आहे.

आडनाव एक म्हणजे टेबल एक, हा गैरसमज

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीचे निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. साधारणपणे प्रत्येक केबिनला स्वतःचा एक बुकिंग नंबर असतो. आपण पाच केबिन घेतल्या की आपल्याला वाटतं एक खानदान, पण जहाजाच्या कॉम्प्युटरला ते पाच नंबर म्हणजे पाच अनोळखी फॅमिल्या दिसतात आणि जिथे जागा रिकामी तिथे तो एकेकाला बसवून देतो. हे नंबर जेवणासाठी एकमेकांशी लिंक करून घ्यावे लागतात. "आम्ही सगळे सोबत आहोत" असं सांगून काही होत नाही, "हे पाचही नंबर डायनिंगसाठी लिंक करा" असंच सांगायचं. एजंटकडून बुकिंग असेल तर कंपनी बहुतेक वेळा थेट आपल्याकडून बदल घेत नाही, एजंटलाच पाठवते. आमच्या एजंटने तीनदा सांगितलं होतं, "हो मॅडम, सगळं एकत्रच आहे." होतं ना, त्याच्या एक्सेल शीटमध्ये एकत्र होतं. त्यात आतेभावाने आपली केबिन स्वतः ऑनलाइन बुक केली, स्वस्त मिळाली म्हणून, तर तो एजंटच्या शीटमध्येही नव्हता.

आता यात एक आतली गोष्ट आहे. बऱ्याच कंपन्यांकडे जेवणाच्या दोन पद्धती असतात. एक फिक्स, म्हणजे आपल्या लग्नातल्या पहिल्या-दुसऱ्या पंगतीसारखं. पहिली साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची, रोज तेच टेबल आणि तेच वेटर. दुसरी पद्धत म्हणजे ठरावीक तासांच्या आत केव्हाही या, जे टेबल रिकामं असेल ते मिळेल, गर्दी असली तर थांबा. रॉयल कॅरिबियन याला माय टाइम म्हणते, कार्निव्हल युअर टाइम म्हणते. नॉर्वेजियनवाले तर फिक्स भानगडच ठेवत नाहीत, त्यांचं सगळं फ्रीस्टाइल. डिस्नेच्या जहाजांवर अजून वेगळं, रोज रेस्टॉरंट बदलतं पण वेटर तुमच्यासोबतच फिरतात. नंबर लिंक केले आणि चौघांचं फिक्स, एकाचं केव्हाही असं राहिलं तर उपयोग शून्य, कारण बऱ्याच जहाजांवर या दोन प्रकारचे हॉल वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. आतेभावाच्या कार्डावर टाइम का नव्हता ते आता कळलंच असेल.

म्हणून पैसे पूर्ण भरायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक केबिनवाल्याला तीन गोष्टी टाकायला लावा: बुकिंग नंबर, जेवणाची पद्धत, वेळ. स्क्रीनशॉटच मागा. आपल्या घरी "झालं, झालं" म्हणणारे एकदोन असतातच, त्यांचं कधीच झालेलं नसतं.

साडेपाचला जेवणार कोण?

नागपुरात साडेपाचला चहा होतो. त्याच्या सोबत फार तर एखादा आलूबोंडा. आणि इथे अजून एक गणित कोणी करत नाही. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथले साडेपाच म्हणजे आपल्या पोटाचे दुपारचे तीन! चार रात्रींच्या ट्रिपमध्ये पोट काही सिंगापूरचं होत नाही. बाबा पहिल्या दिवशी मेन्यू हातात घेऊन बसले आणि म्हणाले, आत्ताच तर जेवलो. खरंच आत्ताच जेवले होते, वरच्या बुफेमध्ये, जहाजावर चढल्या चढल्या.

तरी आपल्या लोकांनी डोळे मिटून आठचीच पाळी घ्यावी असंही मी म्हणणार नाही. दिवसभर स्विमिंग पूलमध्ये खेळलेली लहान पोरं साडेआठला सूप येईपर्यंत टेबलावरच डोकं टाकून झोपतात, माझ्या पुतणीने तेच केलं. दुसरीकडे बंदरावर उतरून फिरायचा दिवस असेल तर साडेपाचवाल्यांची तारांबळ होते, धड आंघोळ नाही काही नाही. आणखी एक, नाटक-गाण्याचे शो बहुतेक जहाजांवर या दोन पाळ्यांच्या हिशोबानेच लावलेले असतात, आधी जेवणाऱ्यांना नंतरचा शो, नंतर जेवणाऱ्यांना आधीचा. फॅमिली दोन पाळ्यांत वाटली गेली की शोसुद्धा वेगळा बघावा लागतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी उमगलं. काही जहाजांवर मुलांना लवकर वाढून त्यांना किड्स क्लबमध्ये नेऊन सोडायची सोय असते, ती असली तर आठची पाळी घ्यायला हरकत नाही. आमचा अनुभव विचाराल तर आजीआजोबा आणि पोरं दोन्ही असलेल्या फॅमिलीला आठचीच बरी, पोरांना सहा-साडेसहाला बुफेत थोडं काही खाऊ घालायचं म्हणजे चिडचिड होत नाही.

घड्याळावरून आठवलं. फुकेटला थांबलो त्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल आपोआप थायलंडच्या वेळेवर गेले, म्हणजे सिंगापूरपेक्षा एक तास मागे. जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चाललं होतं. मोठे बाबा मोबाइल पाहून एकदम आरामात, टायबिय लावून आले तेव्हा आमचं गोड पण खाऊन झालं होतं. जेवणाला उशीर झाला ते ठीक, पण तोच गोंधळ बंदरावर झाला असता तर जहाज निघून गेलं असतं. मोबाइलची वेळ हाताने सेट करा नाहीतर साधं घड्याळ घाला.

तेराच्या तेरा एकाच टेबलावर पाहिजेत हा हट्ट

हा हट्ट माझाच होता, कबूल करते. मोठी टेबलं साधारण आठ-दहा जणांची असतात, त्याच्या वरची मोजकीच, आणि ती मिळाली तरी मजा येत नाही. कारण तिथलं जेवण आपल्यासारखं एकदम ताटात येत नाही, आधी स्टार्टर, मग मेन, मग गोड, आणि वेटर पूर्ण टेबल एक धरून चालतो, सगळ्यांचं पहिलं संपल्याशिवाय दुसरं आणत नाही. आमचे बाबा सूप पंधरा मिनिटं पितात. एका टोकाला बाबा फुंकर मारून सूप पिऊन राहिले आणि दुसऱ्या टोकाला माझा मुलगा रिकामी प्लेट चमच्याने वाजवतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. शिवाय लांब टेबलावर या टोकाचं त्या टोकाला ऐकूच येत नाही, आजी "काय म्हणते ती?" विचारत राहते. त्यापेक्षा शेजारीशेजारी दोन टेबलं मागा, सहा आणि सात. ती मिळायलाही सोपी जातात, वाढणंही भरभर होतं. केव्हाही-या पद्धतीत तर हे जास्तच लागू पडतं, तेरा जणांचं टेबल रिकामं व्हायची वाट पाहत तुम्ही दारात उभे आणि चौघांच्या फॅमिल्या तुमच्या पुढून आत जाऊन राहिल्या.

कोण कुठे बसणार हे मात्र आधी ठरवा. प्रत्येक टेबलावर एक तरी माणूस असा पाहिजे जो मेन्यू वाचून समजावून सांगेल. व्हेजवाले एका बाजूला ठेवा, आमच्या मोठ्या आईच्या समोर आतेभावाचं रक्ताळलेलं स्टेक आलं आणि तिने ताटावर रुमाल झाकला तो शेवटपर्यंत काढला नाही. सावजी खाणारं घर असलं तरी हे दृश्य वेगळंच.

आणि प्लीज, स्वतःहून खुर्च्या ओढत बसू नका. आपल्याकडे लग्नात "अरे ती खुर्ची इकडे घे" म्हणत तिघांचा घोळका जमतो तसं इथे चालत नाही, प्रत्येक वेटरची टेबलं ठरलेली असतात आणि त्यांची ने-आण मधल्या वाटेतूनच असते. माझ्या भावाने एक खुर्ची सरकवली, मागून गरम प्लेटांचा ट्रे घेऊन येणारा माणूस कसाबसा वाचला.

गुडघे, चक्कर आणि खिडकी

खिडकीजवळचं टेबल सगळ्यांनाच पाहिजे असतं. रात्री आठला खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो, सांगून ठेवते. मुख्य जेवणाचा हॉल बहुतेक जहाजांवर खालच्या मजल्यांवर आणि मागच्या बाजूला असतो. खाली असल्यामुळे हेलकावे कमी जाणवतात, पण अगदी मागच्या भिंतीशी गेलात तर जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर पायाखाली लागते, ग्लासातलं पाणी हलताना दिसतं. ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी हॉलच्या मधल्या भागातलं टेबल मागा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना भिंतीला लागून असलेल्या सोफ्यावर आत कोंबू नका, बाहेरच्या बाजूची खुर्ची द्या आणि टेबल दाराजवळ मागा. केबिन जहाजाच्या पुढच्या टोकाला असली तर मागे जेवायला जाणं म्हणजे आमच्या नागपूरच्या बर्डीच्या मेन रोडवर एक चक्कर मारण्यासारखं आहे, आणि पाळी सुरू व्हायच्या वेळेला लिफ्टसमोर ही गर्दी. वीस मिनिटं आधी निघा. फिक्स पाळीत फार उशीर केला तर आत घेत नाहीत, मग वर बुफे जिंदाबाद.

जैन, व्हेज, उपवास

ऐनवेळी टेबलावर सांगितलं तर वेटर बिचारा सॅलड आणून ठेवतो. प्रत्येकाच्या बुकिंगवर हे आधीच टाकून घ्या, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला बोलवून परत सांगा. बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्रीच दाखवून ऑर्डर घेतो आणि मग खास बनवून येतं. म्हणूनच एकदा बसलं की रोज टेबल बदलू नका, नवीन वेटरला परत पहिल्यापासून कांदा-लसूण समजावत बसावं लागतं. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या क्रूझवर हा त्रास नाही, तिथे जैन जेवण मिळतं.

लहान फॅमिलीसाठी एक वेगळं: तिघं-चौघं असाल तर फिक्स पाळीत तुम्हाला अनोळखी लोकांसोबत मोठ्या टेबलावर बसवू शकतात. आवडत असेल तर छान, नसेल तर बुकिंगच्या वेळीच वेगळं टेबल मागा.

घोळ झालाच तर

जेवणाच्या वेळी दारात जाऊन भांडू नका. आम्ही सहा जण गेलो होतो, सगळे एकदम बोलून राहिलो होतो, तो मॅनेजर फक्त हसला आणि "उद्या सकाळी या" म्हणाला. खरं तर यायचं होतं जहाजावर चढलो त्याच दुपारी. त्या दिवशी टेबल बदलून देण्यासाठी रेस्टॉरंट मॅनेजर ठरावीक वेळ बसलेला असतो, त्याला तिथे मेत्र डी म्हणतात, जागा आणि वेळ ॲपमध्ये किंवा त्या दिवसाच्या छापील कार्यक्रमात दिलेली असते. एकच माणूस पाठवा आणि त्याच्या हातात एक कागद द्या: केबिन नंबर, आत्ताची वेळ, टेबल नंबर, किती माणसं, आणि काय पाहिजे. "शेजारची दोन टेबलं चालतील" हे वाक्य पहिलंच म्हणा, अर्धं काम तिथेच होतं.

दुसऱ्या सकाळी मी एकटीच कागद घेऊन गेली. पाच मिनिटांत आठच्या पाळीची दोन टेबलं मिळाली, आतेभावाचं पण फिक्स करून दिलं. मग मी उठताना तो मॅनेजर म्हणाला, "आता पंगत जमली ना?" गोव्याचा निघाला. म्हणजे आदल्या रात्री दारात उभं राहून आम्ही मराठीत त्याच्याबद्दल जे जे काही बोललो ते सगळं त्याला कळत होतं.

हां, एक राहिलंच. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे आठची पाळी असेल तर जेवायला जायच्या आधीच भरून ठेवा, पण उद्या सकाळी लागणारं सगळं बाहेर काढूनच. आमच्या मोठ्या आईने बॅग भरली, बंद केली, बाहेर ठेवली, ती बॅग गेलीसुद्धा, आणि मग लक्षात आलं की चपला आतच गेल्या. पैठणी नेसून, केबिनमधल्या पांढऱ्या कापडी स्लिपर घालून आली ती जेवायला. भिंतीकडची आतली जागा तिने स्वतःहून मागून घेतली.