नव्या संचातल्या जुन्या संगीत नाटकावर प्रतिक्रिया कशी द्यावी

जुने संगीत नाटक नव्या संचात रंगभूमीवर आले की सुरुवातीच्या प्रयोगांनंतर उमटणाऱ्या प्रतिक्रिया बहुतांशी दोन साच्यांच्या असतात. ‘जुन्यांची सर नाही’ हा एक साचा आणि ‘अगदी हुबेहूब गायले’ हा दुसरा. एकीत नाराजी आहे, दुसरीत कौतुक आहे, पण दोन्हींची मोजपट्टी एकच, ती म्हणजे आपल्या कानात वर्षानुवर्षे बसलेली ध्वनिमुद्रिका. ज्या नटाने अडीच-तीन तास भूमिका पेलली त्याला या दोन्ही वाक्यांतून काही कळत नाही, आणि तिकीट काढावे की नाही अशा विचारात असलेल्या प्रेक्षकाच्याही हाती काही लागत नाही. गाणारे नट, ऑर्गन आणि तबल्याचे साथीदार, महिनोन्‌महिन्यांची तालीम असा सगळा भार उचलून कोणी हे नाटक पुन्हा उभे करतो, तेव्हा प्रेक्षकाने आपले म्हणणे नेमके मांडावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पुढच्या सूचनांसाठी ‘कट्यार काळजात घुसली’ हे उदाहरण समोर ठेवतो, कारण नव्या संचाचा प्रश्न त्यात जितका टोकदार झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक, पंडितजी आणि खाँसाहेब या दोन घराण्यांच्या गायकांमधल्या चढाओढीचे, 1967 साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची होती आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे होते. 2010 साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली ते नव्या संचात आले, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव झाले महेश काळे. आजोबांनी गाजवलेली भूमिका नातू करतो म्हटल्यावर पडदा उघडण्याआधीच अर्ध्या प्रेक्षागृहाच्या मनात तुलना सुरू झालेली असणार. ती टाळता येणार नाही, टाळण्याची गरजही नाही. मात्र आपण कशाची कशाशी तुलना करतो आहोत, हे तरी स्वतःला स्पष्ट असले पाहिजे.

जाण्यापूर्वी: आपण नेमके काय ऐकले आहे?

घरून निघण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मूळ संचाचा प्रयोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे, की फक्त पदे ऐकली आहेत, की चित्रपट पाहिला आहे? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची स्मृती ही ध्वनिमुद्रिकेची स्मृती असते. बालगंधर्वांच्या काळातली 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजत असे. रंगमंचावर जे पद आलाप, ताना आणि वन्समोअर यांसह कितीतरी वेळ रंगत असे, ते त्या तबकडीत बसवण्यासाठी आवळून घ्यावे लागे. तबकडीवरचे गायन ध्वनिमुद्रणासाठी केलेले असते. तिथे नटाला संवाद म्हणायचे नसतात, समोरच्या पात्राकडे पाहायचे नसते, पल्लेदार प्रवेश संपवून धापा टाकत षड्‌ज लावायचा नसतो. त्या निवडक तीन मिनिटांशी आजच्या गायकाचा अख्ख्या प्रयोगातला, दमलेला, हालता-चालता आवाज ताडून पाहिला तर तो कमीच भरणार. म्हणून प्रतिक्रियेत सरळ लिहावे: ‘मूळ प्रयोग मी पाहिलेला नाही, पदे ऐकलेली आहेत.’ या एका वाक्याने वाचकाला तुमच्या मताचे वजन ठरवता येते.

चित्रपटाचीही हीच गोष्ट आहे. 2015 साली ‘कट्यार’वर चित्रपट आला आणि त्यात नवी गाणी आली. ‘सूर निरागस हो’ हे चित्रपटाचे गाणे आहे, नाटकातले पद नव्हे. ते नाटकात ऐकायला मिळाले नाही म्हणून कोणी हिरमुसले, तर त्यांचा विरस खराच असतो, पण तो नाटकाचा दोष ठरत नाही. नाटकातली पदे कोणती आणि नंतर जोडलेली कोणती, याची खात्री आधीच करून घ्यावी. संहिता मिळाली तर एकदा डोळ्यांखालून घालावी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती आणि नाटक रात्रभर चालत असे. आज नाट्यगृह ठरावीक वेळेपुरते मिळते, त्यामुळे जुन्या नाटकातली पदे गाळावीच लागतात. ‘अमुक पद का गाळले’ हा प्रश्न जरूर विचारावा, मात्र तो दिग्दर्शकाला विचारावा. नटाच्या खात्यावर तो मांडू नये.

प्रेक्षागृहात

तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली की पहिली दहा मिनिटे कानांना मोकळे सोडावे. नव्या आवाजाची ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि पहिल्याच पदावर मत ठरवून टाकणारा प्रेक्षक पुढचे नाटक ते मत सिद्ध करण्यासाठी पाहू लागतो.

त्यानंतर ज्याकडे लक्ष द्यावे ती गोष्ट म्हणजे गाणे आणि भूमिका यांचा सांधा. नाट्यसंगीताची खरी कसोटी याच सांध्यावर लागते आणि प्रतिक्रियांमध्ये नेमकी हीच जागा रिकामी राहते. ‘कट्यार’मध्ये याची उत्तम सोय नाटककाराने आणि संगीतकाराने मिळून करून ठेवली आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन चालींत येते, एक सालगवराळी रागात आणि एक धानी रागात. शब्द तेच राहतात, घराणे बदलते, गाणाऱ्याचा स्वभाव बदलतो. नव्या संचाची परीक्षा इथे घ्यावी. धानीतली चाल ऐकताना पंडितजींच्या परंपरेतले शांत, सोज्वळ वळण जाणवले का? सालगवराळीत तेच शब्द आले तेव्हा खाँसाहेबांचा आक्रमकपणा स्वरांत आला, की फक्त तानांचा वेग वाढला? दोन्ही वेळा आपल्याला दोन भिन्न माणसे भेटली असतील तर प्रयोगाने आपले काम केले, मग एखादी हरकत, म्हणजे स्वरांची छोटीशी नक्षी, ध्वनिमुद्रिकेपेक्षा वेगळी का असेना. दोन्ही वेळा एकच तयारीचा गायक भेटला असेल, तर गाणे कितीही सुरेल असले तरी काहीतरी राहून गेले आहे, आणि हे लिहिण्यासारखे आहे.

याच वेळी न गाणाऱ्या पात्रांकडेही पाहावे. एक जण पद म्हणत असताना बाकीचे नट काय करतात, यावर संचाची वीण कळते. खाँसाहेब गात असताना त्यांची मुलगी झरीना ऐकते आहे की आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी आहे? दरबारातल्या कविराजाच्या चेहऱ्यावर त्या गाण्याची दाद उमटते का? जुन्या संचाला शेकडो प्रयोगांनी आलेला सराव नव्या संचाला पहिल्या महिन्यात येत नाही, पण ऐकण्याची सवय पहिल्या प्रयोगापासूनही दिसू शकते.

ध्वनियोजनेची गोष्ट वेगळी नोंदवावी. ‘शब्द कळले नाहीत’ ही तक्रार कधी नटाच्या उच्चारांची असते, कधी ध्वनिक्षेपकाची, तर कधी आपण बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसलेलो असतो याची. तबला आवाजावर चढत होता की आवाजच लागत नव्हता, हे मध्यंतरात दुसऱ्या भागात बसलेल्या ओळखीच्या माणसाला विचारले तरी उलगडते. आपण कोणत्या रांगेत होतो, हे प्रतिक्रियेत सांगितल्यास ध्वनियोजना करणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

मध्यंतरात वडा-चहाच्या रांगेत उभे असतानाच दोन-तीन शब्दांची टिपणे करून ठेवावीत. घरी पोहोचेपर्यंत शेवटच्या अंकाचा प्रभाव पहिल्या अंकावर चढतो आणि सुरुवातीचे बारकावे पुसले जातात.

दाद ही देखील प्रतिक्रियाच आहे, आणि तिचा परिणाम तिथल्या तिथे प्रयोगावर होतो. समेवर येणारी ‘वा’ गाणाऱ्याला बळ देते. मधल्या नाजूक जागेवर केलेला टाळ्यांचा कडकडाट ती जागाच झाकून टाकतो. वन्समोअर मागताना नाटकाचा प्रसंग पाहावा. रंगलेल्या मैफलीचा प्रवेश वन्समोअर सहज पचवतो. पात्र उद्ध्वस्त होऊन गात असताना तेच पद पुन्हा मागितले, तर नटाला त्या दुःखातून बाहेर येऊन पुन्हा आत शिरावे लागते, आणि बहुतेक वेळा तो प्रसंग परत जुळत नाही. रविवारी कधी कधी दोन प्रयोग असतात, आवाज तोच असतो, याचेही भान ठेवावे. गाजलेले पद सुरू झाले की रांगेतल्या चौघांनी सोबत गुणगुणणे, फर्माइशी ओरडणे आणि मोबाइलवर चित्रण करणे, हे तिन्ही टाळावे. एखाद्या प्रयोगात स्वर घसरला त्याची चित्रफीत पुढे धाडणे तर अन्यायच आहे. जिवंत रंगभूमीवर असा क्षण कोणाच्याही वाट्याला येतो.

लिहिताना

सुरुवातीला तारीख, गाव, नाट्यगृह आणि त्या दिवशी कोणी कोणती भूमिका केली, हे लिहावे. नव्या संचात एका भूमिकेला दोन कलाकार असणे नवीन नाही, आणि नाव न लिहिलेली प्रतिक्रिया भलत्याच माणसाला चिकटते.

पुढचा फरक उदाहरणानेच कळेल. समजा कोणी लिहिले: ‘नाटक ठीक. गाणी छान, पण जुनी मजा नाही. खाँसाहेब कमी पडले.’ यात चुकीचे काही नाही, पण उपयोगाचेही काही नाही. हाच प्रेक्षक असेही लिहू शकला असता: ‘पहिल्या अंकात खाँसाहेबांचा आवाज मोकळा होता, पण अपमानाचा सल संवादांत दिसला तेवढा गाण्यात दिसला नाही. दुसऱ्या अंकात सदाशिवाशी समोरासमोर आल्यावर मात्र त्यांचे थांबणे, स्वर मध्येच सोडून देणे फार बोलके झाले. मी चौदाव्या रांगेत होतो, ऑर्गन जवळजवळ ऐकू येत नव्हता.’ शब्दसंख्या फार वाढलेली नाही. पण नट, दिग्दर्शक, ध्वनियोजक आणि पुढचा प्रेक्षक या चौघांनाही यात आपापले काही मिळते.

नटाचे, दिग्दर्शकाचे आणि संहितेचे श्रेय-अपश्रेय वेगवेगळे मांडावे. लय धीमी वाटली तर ती बहुधा बसवताना ठरलेली असते. प्रवेश रेंगाळला तर कदाचित तो 1967 सालीही रेंगाळत असेल. आवाजाच्या पट्टीबद्दल तर विशेष जपून लिहावे. बालगंधर्वांनी ‘मानापमाना’तली भामिनी आणि ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी पुरुष असून रंगवली. आज त्या भूमिका अभिनेत्री करतात आणि त्यांची पट्टी निराळी असते. ती बदलली की पदाचा पोत बदलतो, काही जागा सुटतात, काही नव्या सापडतात. ‘चाल पडली’ असे म्हणण्याआधी ती पट्टीमुळे तशी वाटली का, हे तपासावे. नटाचे वय, अंगकाठी, कोणाचा कोण लागतो, यांवर शेरे मारू नयेत. भूमिकेला ते बाधक ठरले असे खरोखर वाटत असेल, तर कोणत्या प्रवेशात आणि कसे, तेवढे सांगावे.

घराण्याच्या नात्याबद्दल एक आग्रहाने सांगावेसे वाटते. नातू आजोबांसारखा गायला ही स्तुती प्रेमापोटी येते, पण तिने त्याचे स्वतःचे काम अदृश्य होते. वसंतरावांपेक्षा वेगळी अशी कोणती जागा त्याने घेतली आणि ती खाँसाहेब या पात्राला शोभली का, हे लिहिणारा प्रेक्षक त्याला अधिक मोठा मान देत असतो.

इतरांच्या प्रतिक्रिया

ज्यांनी मूळ संच पाहिला आहे अशी माणसे आपल्या घरांत, सोसायट्यांत, गावांत आहेत, आणि त्यांच्या आठवणी हा मोठा ठेवा आहे, कारण त्या काळचे फार थोडे प्रयोग चित्रित झाले. ‘आम्ही वसंतरावांना पाहिलंय, आता काय उरलंय’ असे आजोबा म्हणाले की वाद घालू नये. बारीक विचारावे. ते प्रवेश कसा करत? पद संपल्यावर लगेच संवाद घेत की थांबत? टाळ्या कुठे पडत? अशा दहा मिनिटांच्या बोलण्यातून जे हाती लागते ते कुठल्याच तबकडीवर नसते, आणि नव्या प्रयोगाशी तुलना करायला तेच खरे साधन आहे. त्यांच्या परवानगीने ते उतरवून ठेवावे.

पहिल्यांदाच संगीत नाटक पाहणाऱ्याची प्रतिक्रिया तितक्याच आदराने घ्यावी. त्याला ध्वनिमुद्रिकेचे ओझे नसते. एखादे पद त्याला लांबले असे वाटले, एखाद्या संवादाचा अर्थ लागला नाही, किंवा पात्र गाऊ का लागले हेच कळले नाही, तर ती अडाण्याची तक्रार समजून बाजूला सारू नये. नाटक आज कोणापर्यंत पोहोचते आहे, याचा पत्ता त्यानेच दिलेला असतो. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी अजूनही संगीत नाटके बसवतात आणि तिथला प्रेक्षक पदे पाठ असलेला असतो. त्याची दाद आणि मुंबई-पुण्यात पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्याची दाद एका तराजूत घालण्यात अर्थ नाही. दोन्ही जशाच्या तशा, कोणाची कोणती हे सांगून नोंदवाव्यात.

शक्य असल्यास वीस-पंचवीस प्रयोग झाल्यावर नाटक पुन्हा पाहावे. सुरुवातीला पदे सांभाळत गाणारा नट तोवर मोकळा झालेला असतो, ऑर्गनवाल्याशी त्याची जुळणी झालेली असते, काही जागा पक्क्या होतात आणि काही नुसत्या सवयीच्या होऊन बसतात. दुसऱ्या खेपेची टिपणे पहिली न वाचता करावीत, मग दोन्ही शेजारी ठेवून काय बदलले ते लिहावे आणि ती जोड-प्रतिक्रिया निर्मात्याच्या पत्त्यावर, शक्यतो नटांच्या नावांसह, पाठवावी.