चांदी काळी पडली की: टाक, मुखवटे, निरांजनं आणि पैंजण उजळण्याची रीत

चांदीवरचा काळा थर हा वरून बसलेला मळ नसतो. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. त्यातलं गंधक चांदीशी जुळतं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. आधी पिवळसर, मग तपकिरी-जांभळट आणि शेवटी काळा असा त्याचा रंग उतरत जातो. म्हणजे त्या काळेपणात तुमच्याच भांड्याची चांदी अडकलेली असते. घासून तो काढला की ती चांदी फडक्यासोबत जाते. पाण्याच्या जाड चांदीच्या तांब्याला त्याचं काही वाटत नाही. पण देवाचा टाक म्हणजे पातळ पत्र्यावर उठवलेलं काम. तुळजाभवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, खंडोबा यांचे पिढीजात टाक पाहा, कित्येकांचे नाक-डोळे सपाट झालेले दिसतील. ते दर सणाला घासण्यामुळे.

म्हणून घासण्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि तेही जेवढं लागेल तेवढंच.

चिंच-लिंबू इथे चालत नाही

महालक्ष्म्यांच्या आधी देव्हाऱ्यातलं सगळं एकाच परातीत चिंचेच्या कोळात टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तांब्या-पितळेवरचा थर आंबट पदार्थात विरघळतो, म्हणून ती भांडी लगेच लखलखतात. सिल्व्हर सल्फाइड चिंच-लिंबाच्या सौम्य आम्लात विरघळत नाही. मग माणूस जोर लावून घासतो आणि चांदी घासण्यानेच उजळते. श्रेय मात्र चिंचेला जातं. तांब्या-पितळेची आणि चांदीची परात वेगळी ठेवा.

रांगोळी, विटेची भुकटी, तारेची घासणी यांनी चांदीवर ओरखडे पडणारच. मोहस मापावर चांदीचा कठीणपणा २.५ ते ३, तर विटेच्या भुकटीत असणाऱ्या गारगोटीचा ७. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात. ते दातांच्या कठीण आवरणासाठी ठरवलेले असतात, चांदी त्याहून पुष्कळ मऊ आहे. पेस्टने भांडं चमकतं खरं, पण उन्हात तिरपं धरून पाहिलं की बारीक रेघांचं जाळं दिसतं. या रेघांत पुढच्या वेळी काळेपणा आणखी घट्ट बसतो.

आधी वेगळं काढायच्या वस्तू

पाण्यात काहीही टाकण्याआधी ढीग निवडा. खालच्या वस्तू पुढे सांगितलेल्या सोड्याच्या गरम पाण्यात जाणार नाहीत.

मागे तांब्याचा पत्रा बसवलेले टाक: दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं तर सुकत नाही आणि कडेने हिरवं येतं. आत लाख भरलेले मुखवटे किंवा पोकळ मूर्ती: गरम पाण्याने लाख मऊ होते, उठवलेलं काम दबतं. डोळे-कुंकू रंगवलेले मुखवटे: रंग सुटतो. मोती, पोवळं, चिकटवलेले खडे, मीनाकाम. आणि मुद्दाम काळी केलेली ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी, जिच्या नक्षीतला काळा रंग हाच तिचा साज असतो.

बिदरीचं पानदान किंवा फुलदाणी तर अजिबात नको. बीदर आणि मराठवाडा निजामाच्या एकाच संस्थानात होते, त्यामुळे नांदेड-लातूर-उदगीरकडच्या जुन्या घरांत या वस्तू अजून निघतात. बिदरीचं अंग जस्त-तांब्याच्या मिश्रणाचं, त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकलेला असतो. तो गडद काळा रंग कारागिराने नवसागर आणि किल्ल्यातली माती वापरून आणलेला. बाजारातलं चांदी उजळायचं ‘डिप’, सोडा, चिंच यांतलं काहीही लागलं की काळं अंग करडं पडतं आणि ते घरी परत आणता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काळा रंग फिका वाटला तर फडक्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब, बस.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल असतं. त्याला साबण-पाणी पुरे. मुलाम्याच्या वस्तूंचा थर फार पातळ असतो, त्यांना भुकटी लावूच नका. कोपऱ्यांवर आतला तांबूस रंग डोकावत असेल तर मुलामा आधीच गेलेला आहे.

धुणं

निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच लोक टाळतात. तेल-तुपाचा चिकटा राहिला तर पुढचा कोणताही उपाय तिथे लागू पडत नाही, ठिपके-ठिपके उरतात.

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. रिठ्याचं पाणीही उत्तम: पाच-सहा रिठे बी काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. हळद-कुंकू आणि गंध नक्षीत सुकून बसलेलं असतं. वस्तू दहा मिनिटं भिजू द्या, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने काढा. सुई-चाकूने कोरू नका. शेंदूर तेलात कालवलेला असतो, त्याला पाणी लागत नाही; खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, कापसाने टिपा, मग साबण. निरांजन आणि समईच्या वातीच्या जागेवर काजळी आणि जळलेलं तूप यांचा कीट असतो. तो खरवडू नका. एक लिटर गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवलं की कीट आपोआप सैल होतो. धुण्याचा सोडा हाताला चावतो, हातमोजे घाला.

वेगळे काढलेले टाक भिजवायचे नाहीत. ओलं करून पिळलेलं फडकं, त्यावर साबणाचा एक थेंब, पुसून झालं की दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढा आणि लगेच कोरडं करा.

फॉइल आणि खाण्याचा सोडा

साध्या, भरीव, खडे नसलेल्या चांदीसाठी हीच पद्धत पहिली. ॲल्युमिनियम गंधकाला चांदीपेक्षा जास्त ओढून घेतं. सोड्याच्या गरम पाण्यात दोन्ही धातू एकमेकांना टेकले की गंधक चांदीला सोडतं आणि अडकलेली चांदी बहुतांश भांड्यावरच परत बसते.

खोल पातेल्याच्या तळाला आणि कडांना स्वयंपाकाचं ॲल्युमिनियम फॉइल पसरा. कोणतीही बाजू वर चालते. टाकून दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं असेल तर फॉइलही नको, फक्त ते नंतर काळं पडेल. वस्तू त्यात अशा ठेवा की प्रत्येकीचं अंग धातूला टेकेल. वर दर लिटर पाण्याला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ भुरभुरा. मग उकळी येऊन दोन मिनिटं खाली ठेवलेलं पाणी वस्तू बुडेपर्यंत हळूहळू ओता. सोडा फसफसून वर येतो, म्हणून पातेलं निम्म्याच्या वर भरू नका.

दोन-तीन मिनिटांत काळेपणा उतरायला लागतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, तो सुटलेल्या गंधकापासून बनणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा वास आहे. खिडकी उघडी ठेवा. लाकडी चमच्याने वस्तू उलटा, आणखी दोन मिनिटं. त्याहून जास्त वेळ ठेवून फायदा नसतो. थर दाट असेल तर पाणी आणि फॉइल दोन्ही नवीन घेऊन पुन्हा करा, कारण वापरलेल्या फॉइलवर थर चढून ते मंदावतं.

बाहेर काढलेली चांदी कधी पांढुरकी, निस्तेज दिसते. परत बसलेली चांदी भुसभुशीत असते, सुती फडक्याने चोळली की तेज येतं. तरी काळे डाग राहिले असतील तर एक तर तिथे तूप राहिलंय, नाहीतर तो भाग फॉइलला टेकलाच नव्हता. नक्षीच्या खोलगट भागात थोडा काळेपणा राहू द्यावा. त्यानेच कोरीव काम उठून दिसतं.

सोड्यात व्हिनेगर किंवा लिंबू पिळायचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरतं.

आता खळबळणं. मिठाचा अंश राहिला तर तो चांदीला खातो, म्हणून दोनदा वाहत्या पाण्याखाली धरा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड; त्यातले क्षार सुकून पांढरे ठिपके पडतात आणि माणसाला वाटतं चांदी खराब झाली. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा जारचं घ्या, आणि ओली वस्तू तशीच न ठेवता लगेच पुसा. पैंजणाच्या घुंगरांत पाणी अडकतं. झटकून, कापडावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा.

उरलेलं घासणं

जे गरम पाण्यात जाऊ शकत नाही, त्याला भुकटी. वस्त्रगाळ विभूती किंवा खडूची पूड मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. चिमूटभर दोन बोटांत चोळा. खरखर लागली तर ती टाकून द्या. दोन-तीन थेंब पाण्यात दाट कालवा आणि कापसाच्या बोळ्याने हलका हात फिरवा, एकाच दिशेने, सरळ रेषेत. गोल गोल चोळलं तर प्रत्येक बाजूने प्रकाश पडला की रेघा दिसतात. टाकावर चेहऱ्याचा भाग सोडून आधी कडा करा. चेहऱ्याला बहुतेक वेळा कोरडं फडकंच पुरतं. बोळा काळा झाला की बदला. शेवटी धुऊन विरलेल्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या तुकड्याने पुसा.

बाजारात मिळणाऱ्या ‘डिप’मध्ये सहसा थायोयुरिया आणि आम्ल असतं. काळेपणा काही सेकंदांत जातो, त्यासोबत थोडी चांदीही जाते आणि पृष्ठभाग खरबरीत राहिला तर पुन्हा लवकर काळवंडतो. वापरायचंच असेल तर बुडवू नका, कापसाने लावून लगेच भरपूर पाण्याने धुवा. बाळाची वाटी-चमचा आणि पाणी पिण्याचे पेले यांना ते लावूच नका.

हिरवे डाग म्हणजे चांदीत मिसळलेल्या तांब्याचे क्षार. ‘९२५’ छाप म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. लोणचं, मीठ, पंचामृत भांड्यात तसंच राहिलं की हे होतं. नैवेद्य झाला की भांडं तासाभरात धुवा.

ठेवताना

महालक्ष्म्या उठतात तेव्हा भाद्रपदातली दमट हवा असते आणि चांदी पुसल्या-पुसल्या डब्यात जाते. एक रात्र कोरड्या खोलीत कापडावर राहू द्या. मग प्रत्येक वस्तू धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, सोबत सिलिका जेलची पुडी. वर्तमानपत्र, लोकर, पुठ्ठा आणि रबर यांत गंधक असू शकतं. रबर बँड बांधलेल्या चमच्यांवर त्याची काळी रेघ उमटते आणि ती सहजी जात नाही. लसूण-कांद्याच्या टोपलीजवळचं कपाटही नको.

लग्न किंवा जागरण-गोंधळाआधी टाक सोनाराकडे उजळायला देण्याची रीत आहे. द्यायला हरकत नाही, पण बफच्या, म्हणजे चकाकी आणायच्या मशीनच्या, चाकावर घरच्या हलक्या पुसण्यापेक्षा पुष्कळ जास्त चांदी उडते. टाक हाताने धुऊन द्या, मशीन लावू नका, असं स्पष्ट सांगा आणि देताना-घेताना समोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या. पोचा काढणं, सुटलेला सांधा जोडणं, मुलामा चढवणं ही कामं मात्र त्याचीच. घरी पक्कड लावून पत्रा सरळ करायला गेलात तर तो घडीवरच तडकतो.