अमूर्त डिजिटल चित्रं विकायला काढताना

जळगाव-धुळ्यात चित्रं विकायची तर आधी फाइल बघा. १२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. लहान फाइल ताणली की रेषा धूसर होतात. कॅनव्हास चौकटीवर ताणणार असाल तर चारही बाजूंना २ इंच रंग जास्तीचा ठेवा, नाहीतर चित्रच मागे दुमडतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या छपाईत मळका उतरतो. म्हणून आधी ए४ चाचणी प्रिंट काढा, ती दिवसाउजेडी आणि ट्यूबखाली, दोन्हीकडे बघा.

किमतीत छपाई, फ्रेम, कुरिअरसोबत स्वतःचे तास धराच. काच पाठवू नका. कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, जाड पुठ्ठ्याच्या नळीत घाला. भुसावळच्या मे महिन्यात ती नळी बंद गाडीत ठेवू नका.