परमुलखात नवे असताना: क्रोशाची एक सुई आणि शेजारी

शिकायला दुसऱ्या देशात गेलात की सामाईक बैठकीत गप्प बसणं फार जड जातं. हातात विणकाम असेल तर ते गप्प बसणं खटकत नाही, आणि ‘काय करताय?’ हे समोरचा स्वतःच विचारतो. दोन सुयांवरच्या विणकामापेक्षा क्रोशा, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईचं विणकाम, बरा. सुईवर एकच टाका असतो, त्यामुळे मध्येच उठावं लागलं तरी अख्खी ओळ निसटत नाही.

सुरुवातीला कपाखाली ठेवायची गोल चकती विणा. त्यासाठी 4 मिमीची सुई आणि मध्यम जाडीचा सुती दोरा घ्या. गरम कपाखालच्या चकतीला अ‍ॅक्रिलिक नको, ते पाणी शोषत नाही आणि फार तापलेल्या भांड्याखाली वितळतं. लोकर गरम पाण्यात धुतली की आटते.

4 साखळ्या (एकातून एक ओढलेले दोऱ्याचे फास) घालून, शेवटची पहिलीला जोडून कडं करा. 3 साखळ्या (हा पहिला खांब धरा; खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) आणि कड्यात आणखी 11 खांब, असे एकूण 12. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे 24. तिसरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, असं आलटून पालटून 36. चकती साधारण 10 सेंटिमीटरची होते. कडा वाटीसारख्या वर वळल्या तर वाढीचे खांब राहून गेलेत किंवा हात फार घट्ट आहे. झालर पडली तर खांब जास्त झालेत. दर फेरीनंतर मोजायचा कंटाळा केला की तिसऱ्या फेरीत सगळं उसवावं लागतं. शेवटी 15 सेंटिमीटर दोरा ठेवून तो टाक्यांतून आधी एका दिशेने, मग उलट ओवा. नुसती गाठ धुण्यात सुटते.

इंग्रजी नमुन्यांत एक फसगत ठरलेली. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाने मुका खांब, म्हणजे वेढा न घेता विणलेला बुटका टाका, येतो. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो अमेरिकन समजा.

एखाद्या शेजाऱ्याने पत्ता समजावला, जड सामान वर चढवायला हात दिला, तर आठवड्याच्या आत एक चकती द्या. एकच. सहाचा संच दिला की समोरच्यावर परतफेडीचं ओझं येतं, आणि नवी ओळख तिथेच अवघडते. सोबत दोन ओळी लिहा: त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय सोपं झालं. नुसत्या ‘आभारी आहे’पेक्षा हे फार वेगळं वाटतं. नावाचं स्पेलिंग आणि उच्चार आधी त्यांनाच विचारा. रंगांचे शुभ-अशुभ संकेत जागोजागी बदलतात, तेही तिथल्याच कुणाला तरी विचारून घ्या. तुमचे गुण ज्यांच्या हातात आहेत त्या शिक्षकांना मात्र निकालाआधी वस्तू देऊ नका. अनेक विद्यापीठांत भेटवस्तूंचे नियम असतात. पत्र पुरेसं आहे.

देण्याइतकंच मागणंही जमायला हवं. शेजारच्या आजींना त्यांचा एखादा टाका शिकवायला सांगा. शिकवणाऱ्याचा मान मिळाला की लोक मोकळे होतात. त्या उजव्या हाताने विणत असतील आणि तुम्ही डावखुरे असाल, तर शेजारी न बसता समोर बसा. आरशात पाहिल्यासारखे त्यांचे हात जसेच्या तसे उतरवता येतात.