पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय? जुन्या गाडीतला दोष टाकीपासून शोधा

काटा अर्ध्यावर बघून तुळजापूरला निघालात आणि तामलवाडीच्या अलीकडेच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली, तर इंजिनाला नावं ठेवण्याआधी टाकी बघा. टाकी ठणठणीत कोरडी असते आणि काटा मात्र अजून अर्ध्यावरच असतो. जुनी मारुती ८००, ओम्नी, अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी, गाडी कुठलीही असो, वय झालं की हे दुखणं येतंच. मिस्त्रीकडे नेली की तो आत न डोकावताच निदान करतो, "काटा खोटं बोलायलालाय की मालक, मीटर बदलू."

बदलू नका. मीटर सहसा सगळ्यात शेवटी बिघडतं. डॅशबोर्ड उचकटून दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं, वर मजुरी दिली आणि काटा पुन्हा तिथेच, असे लोक सोलापुरात पेठेपेठेत भेटतील. ज्या दोषाला एक बल्ब आणि अर्धा तास पुरतो, त्यासाठी डॅशबोर्डला हात लावायचं कारण नाही.

आतली रचना

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. त्याचा दांडा एका बारीक तारेच्या गुंडाळीवरून, म्हणजे रेझिस्टन्सवरून, एक पातळ पत्ती सरकवतो. पेट्रोल कमी-जास्त झालं की रेझिस्टन्स बदलतो. तिथून एक वायर मीटरला जाते आणि दुसरी बाजू गाडीच्या बॉडीला अर्थ होते. दोष यातच कुठेतरी असतो: टाकीतलं युनिट (म्हणजे फ्लोट, दांडा आणि रेझिस्टन्स मिळून), अर्थिंग, मधली वायर किंवा मीटर.

मारुतीत आणि बहुतेक जपानी धाटणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी असतो आणि रिकामी होत जाईल तसा वाढतो. म्हणजे वायर तुटली तर काटा "ई"वर (रिकामी) पडतो आणि बॉडीला टेकली तर "एफ"वर (भरलेली) जातो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंचसं सोपं होतं. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत हे गणित उलटं असतं. ज्यात मीटर कॉम्प्युटरवर चालतं अशा अलीकडच्या गाड्यांना ही पद्धत लावूच नका.

हत्यार काढण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, चावी ऑन करा आणि मिनिटभर थांबा. जुन्या मीटरमध्ये काटा आतली पट्टी तापून सरकतो, त्यामुळे तो सावकाशच वर येतो. तुळजापूरच्या घाटात चढताना काटा हलत असेल तर तो बिघाड नव्हे. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, इतकंच.

आता शेजारचा टेंपरेचरचा काटा बघा. दोन्ही काटे एकदम मेले असतील तर टाकीकडे जाऊच नका, फ्यूज आणि मीटरचा सप्लाय तपासा. दोन्ही एकदम जास्त दाखवत असतील तर मीटरमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरची, म्हणजे काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या डबीची, अर्थिंग सुटलेली असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅम्बेसिडरसारख्या गाड्यांत हे विशेष. टेंपरेचर नीट दाखवतंय आणि पेट्रोलच चुकतंय, तर मागच्या सीटकडे वळा.

जिवाला जपून

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते आणि ठिणगीची वाट बघते. म्हणून काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये किंवा देवघराच्या समईजवळच्या पडवीत नको. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी टाकी उघडणं म्हणजे उगाच संकट ओढवून घेणं. सकाळी ऊन चढायच्या आत उरका. टाकीचं झाकण आधी हळूच सैल करून दाब जाऊ द्या. विडी-सिगारेट आसपास नको, ड्रिल मशीन नको. पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा, निदान वाळूची बादली तरी. पाण्याचा उपयोग नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

बल्बची चाचणी

मागची सीट उचला. बऱ्याच गाड्यांत तिच्याखाली किंवा डिकीच्या तळाला टाकीवरचं झाकण असतं. काहींमध्ये ते नसतंच आणि टाकी खालून उतरवावी लागते. ते घरी करायचं काम नाही, रॅम्प असलेल्या गॅरेजला सोडा. पण तिथेही वायरचा कनेक्टर बहुधा हाताला लागतो आणि ही चाचणी तेवढ्यावर होते.

चावी बंद ठेवून युनिटचा कनेक्टर काढा. आता चावी ऑन करा आणि काटा बघा. मारुतीत तो "ई"वर यायला हवा. कनेक्टर हातात असूनही काटा "एफ"वरच असेल तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली आहे. कार्पेटखाली, सीटच्या क्लिपजवळ, दाराच्या उंबऱ्याशी बघा. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायर सोललेली सापडते. शेतावरच्या शेडमध्ये गाडी लावत असाल तर पहिला संशय उंदरावरच घ्या.

चावी पुन्हा बंद करा. १२ व्होल्टचा, ३-४ वॅटचा छोटा बल्ब घ्या. मीटरकडून आलेली वायर बल्बच्या एका टोकाला आणि दुसरं टोक बॉडीच्या स्वच्छ बोल्टला जोडा. थेट तार टेकवू नका. जुन्या मीटरची आतली गुंडाळी त्यात जळू शकते, बल्ब मध्ये असला की करंट आवरतो. जोडणी पूर्ण झाल्यावरच चावी ऑन करा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडायचा प्रश्न नाही. काटा "एफ"कडे सरकू लागला की चावी बंद. वर कनेक्टर मोकळा असताना काटा "ई"वर आला होता आणि आता "एफ"कडे गेला, म्हणजे मीटर चांगलं, वायरही चांगली. दोष टाकीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये आहे.

काटा ढिम्म हलला नाही, तर वायर किंवा मीटर. कनेक्टरच्या पिनला व्होल्टेज येतं का ते मल्टिमीटरने बघा. तिथे काहीच नाही आणि मीटरच्या मागे मात्र आहे, म्हणजे मधली वायर तुटली. मागेही व्होल्टेज आहे, टोकापर्यंतही येतं आणि काटा तरीही मेलेला, तेव्हाच मीटर खोला.

वायरच्या रंगावर विसंबू नका. गॅसकिट बसवलेल्या गाडीत तर नाहीच. किट लावणाऱ्याने हाताला येईल त्या रंगाची वायर जोडलेली असते आणि टेपही कधीच सुटलेली असते.

टाकीकडे जाण्याआधी अर्थिंग. युनिटच्या अर्थ पिनपासून बॉडीच्या खरवडून साफ केलेल्या बोल्टपर्यंत, चावी बंद असताना, एक जादा वायर तात्पुरती जोडा. मूळ कनेक्टर परत लावून चावी ऑन करा. काटा शहाण्यासारखा वागला तर सुटलात. जुनं अर्थ टर्मिनल घासा, कनेक्टरमधली हिरवट बुरशी कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, काम संपलं.

फ्लोट युनिट बाहेर काढताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बाजूला वळवून ठेवा. मग लगेच युनिटला हात घालू नका, आधी साफसफाई. मागच्या सीटखाली काय नसतं? शेंगांची फोलपटं, अक्कलकोटच्या अंगाऱ्याची फुटलेली पुडी, एखादं नाणं, आणि झाकणाभोवती बोटभर काळी धूळ. युनिट उचललं की ती सगळी टाकीत, तिथून फिल्टरमध्ये आणि मग कार्बोरेटरच्या जेटमध्ये. ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, मगच स्क्रू सैल करा. युनिट आवळून धरणारं कडं ठोकून फिरवायचं असेल तर पितळी पंच वापरा, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने ठिणगी उडते. युनिट कुठल्या दिशेने बसलं होतं त्याची खूण करून ठेवा. रबरी वॉशर नवा घाला. जुना कडक झालेला असतो आणि परत लावला तर गाडीत पेट्रोलचा वास सुटतो. युनिट तिरकं करत, दांडा न वाकवता बाहेर काढा आणि टाकीचं तोंड फडक्याने झाका.

आता युनिट टाकीपासून लांब नेऊन वाळू द्या. फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत डुबडुब ऐकू आलं तर फ्लोटला भोक आहे, तो बुडतोय, म्हणून काटा कायम "ई"वर. पितळी फ्लोटला झाळ लावू असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. आत पेट्रोल असलेल्या डब्याला तापतं काविया लावणं म्हणजे फटाका फोडणं आहे. फ्लोट नवा घाला.

फ्लोट ठीक असेल तर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, दोन पिना जोडा आणि दांडा वरपासून खालपर्यंत अगदी हळू फिरवा. आकडा सलग चढत जायला हवा. मारुतीसारख्या गाडीत ढोबळमानाने वर टोकाला दोन-चार ओहम आणि खाली शंभराच्या आसपास. मध्येच आकडा गायब झाला तर तिथे तार झिजली आहे. आणि ती कुठे झिजते? बहुतेक वेळा खालच्या भागात. आपण पंपावर "दोनशेचं टाका" म्हणतो, फ्लोट वर्षानुवर्षं तळाच्या चार बोटांत वरखाली होत राहतो आणि पत्ती त्याच पट्ट्यावर घासत राहते. उरलेली तार कोरी करकरीत.

गॅसवर पळणाऱ्या गाडीत उलटं होतं. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, त्याचा चिकट पिवळा थर तारेवर बसतो आणि पत्ती जागेवरच अडकते. असा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा. पॉलिश पेपर अजिबात नको, केसाएवढी तार त्यात संपते. पत्ती सैल असेल तर नखाने किंचित दाबून ताण द्या. तार झिजलेली असेल तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका, युनिटच बदला. नवं घेताना जुनं सोबत न्या आणि दुकानातच दांड्याची लांबी आणि ओहम जुळवून बघा; दिसायला सारखं आणि दाखवायला भलतंच, असा माल बाजारात भरपूर आहे.

बसवल्यावर काटा जुळवणं

बसवण्याआधी, टाकीपासून दूर, दांडा पूर्ण फिरवून मल्टिमीटरवर आकडा सलग बदलतो का ते बघून घ्या. मग बसवा, वासाची आणि गळतीची खात्री करा, शेवटी बॅटरी जोडा.

जवळपास रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर टाकत जा. दर वेळी पंपावरून बाजूला सपाट जागी गाडी घ्या, चावी ऑन करून काटा स्थिरावू द्या आणि तो कुठे आला ते लिहा. मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे चौदाला काटा साधारण मध्यावर हवा. दोन-तीन लिटरचा फरक जुन्या गाडीत सोडून द्यावा. सतत जास्तच दाखवत असेल तर दांडा किंचित वाकवून जुळवता येतो, पण त्यासाठी युनिट पुन्हा काढावं लागतं. काटा कमी दाखवत असेल तर मी तरी तसाच ठेवीन.

पार्ट यायला वेळ लागणार असेल तर तोवर ओडोमीटरवर चालवा. एकदा टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहा, पुन्हा भरताना लिटर लिहा, अ‍ॅव्हरेज निघतं. गावातलं आणि हायवेवरचं वेगळं धरा, सात रस्ता ते पुणे नाका रोज क्लच दाबत जाणाऱ्याला पुण्याच्या रस्त्याचा आकडा उपयोगाचा नाही. अ‍ॅव्हरेजच्या हिशोबाने टाकी पाव उरली की पंप गाठा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर हे पाळाच: तिचा पंप टाकीतच असतो, पेट्रोलमुळेच थंड राहतो आणि तो जळाला तर खर्च फ्लोट युनिटच्या कितीतरी वर जातो.