जलपरीची शेपटी शिवताना या चुका टाळा

पाण्यात उतरल्यावर शेपटी नुसती वळवळते, अंग पुढे सरकतच नाही? आधी शेपटीचा पर उभा लावलाय का, ते बघा. मासा कणा डावी-उजवीकडे वळवत पोहतो, म्हणून त्याचा पर उभा असतो. बाजारात मासा कुशीवर ठेवलेला असतो, तिथे हे चटकन लक्षात येत नाही. आपली कंबर आणि गुडघे मात्र पुढे-मागे वाकतात. डॉल्फिन सस्तन प्राणी. त्याचा कणा वर-खाली हलतो आणि शेपटी आडवी असते. आतला मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावलं एकत्र अडकवायचा एकच रुंद पर, तसाच आडवा हवा. कातडी माशाची घ्या, चाल डॉल्फिनची.

पर आडवा असूनही जोर मिळत नसेल तर घोट्याजवळ चाचपा. बांगड्याचं अंग परापाशी किती निमुळतं होतं! तिथलं कापड ढगळ राहिलं की पाणी भरतं आणि सगळी ताकद फडफडण्यात जाते. घोटे दुखत असतील तर मोनोफिन सगळीकडे सारखाच कडक असण्याची शक्यता मोठी. माशाच्या परातल्या शलाका मुळाशी जाड असतात, कडेकडे फाटे फुटून बारीक आणि लवचिक होतात. आपला परही पावलांपाशी ताठ, टोकाला मऊ ठेवा.

खवले उलटे लावणं ही मला सर्वात खटकणारी चूक. रोहूवर डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा, सहज घसरतं. उलट फिरवलं की अडकतं. खवल्याची पुढची कड कातडीत रुतलेली आणि मागची मोकळी असते. म्हणून कौलं शाकारतात तशी सुरुवात खालून, शेपटीकडून करा. वरची ओळ खालच्या ओळीवर चढली पाहिजे. एकाच मापाचे खवलेही नकोत. निमुळत्या भागात ते लहान करा, कमरेला सरळ पट्टी न ठेवता विरळ होत पोटावर विरू द्या.

रंगात पाठ गडद, पोट फिकट. फोटोसाठी पुढची बाजूच गडद रंगवतात, पण फिकट पोटाशिवाय ती शेपटी मला माशाची वाटत नाही.

निओप्रीनमध्ये, म्हणजे डायव्हिंग सूटच्या रबरी कापडात, वायूचे बुडबुडे असतात, त्यामुळे पाय वर उचलले जातात. वजन लावायचं तर थोडं थोडं, उथळ पाण्यातच तपासून. सिलिकॉनची शेपटी १० किलोच्या वर सहज जाते. कुठलीही शेपटी घालून एकट्यानं पाण्यात उतरू नका, आणि मोनोफिनमधून पाय झटकन सोडवायचा सराव आधी काठावर करा.