पांढरीवर पाया खणताना

तेर, नेवासे, पैठणसारख्या गावांत पांढरीवर, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या मातीवर, घर बांधायचं, तर पायाचा चर म्हणजे जुन्या वस्तीचा उभा छेदच. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. हे आधी तपासा.

जेसीबीला दात नसलेलं बकेट लावायला सांगा. दातांनी माती उचकटली की थरांच्या सीमा पुसल्या जातात. एका वेळी 10 सेंटिमीटरच खरवडा.

चराची भिंत थापीने तासून किंचित पाणी शिंपडा. कोरड्या मातीत न दिसणारे खड्डे, राखेचे पट्टे ओलाव्यात उठून दिसतात. उंदरांची बिळं फार फसवतात. त्यांतून वरचं खापर खाली उतरतं, म्हणून बिळातल्या वस्तूवरून थराचं वय ठरवू नका. खापरं थरानुसार वेगळी भरा, चिठ्ठी पिशवीच्या आत आणि बाहेरही. कोळशाला हात न लावता तो फॉइलमध्ये घ्या.

तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ दिसले, तर काम तिथेच थांबवा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीत मृत लहान मुलांना घराच्या जमिनीखाली असं पुरत. कुंभ उचलू नका; फोटो, खोली नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. नाण्यांचा साठा निघाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते.